खोली दोघींची, सहल एकटीची

टूर कंपन्यांच्या दरपत्रकात तळाशी, अटींच्या बारीक टायपात एक ओळ असते: एकट्या प्रवाशाला स्वतंत्र खोली हवी असल्यास जादा आकार पडेल. बायकांनी एकटीनं फिरावं की फिरू नये यावर आपल्याकडे दर महिला दिनाला भाषणं होतात. त्यांत ही ओळ कधी येत नाही आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच पेंड खातं. हॉटेलवाला खाट विकत नाही, खोली विकतो. समजा खोलीला रात्रीचे ३००० रुपये आहेत. दोघं राहिली तर माणशी दीड, एकटी राहिली तर पूर्ण तीन. पाच रात्रींच्या सहलीत साडेसात हजारांचा फरक. परवडत नाही असं नसतं. पण ‘एवढे पैसे नुसते माझ्यावर?’ हा प्रश्न जिच्या डोक्यात येत नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे.

मी पुण्यात एका टूर कंपनीच्या काउंटरवर बरीच वर्षं होते. एकटीसाठी चौकशी करणारी बाई लगेच ओळखू यायची. आधी ती काश्मीरचं विचारणार, मग केरळचं, मग जेवण आपल्या पद्धतीचं असतं का ते विचारणार. निघताना पर्सची चेन लावता लावता, सहज आठवल्यासारखं, ‘आणि एकटीच असेल कुणी तर?’ त्यावर काय बोलायचं ते आम्हाला पढवलेलं होतं. ‘मॅडम, कुणाला तरी घेऊन या ना सोबत, स्वस्त पडेल.’ बाई ‘बरं, बघते’ म्हणायची आणि परत यायची नाही. सोबत कुणी असतं तर तिनं विचारलंच कशाला असतं? नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला तेव्हा माझ्याकडे मोठी कल्पना वगैरे काही नव्हती. ‘कुणाला तरी घेऊन या’ हे वाक्य ज्या दुकानात बोललं जात नाही असं एक दुकान काढायचं, एवढंच ठरवलं होतं.

‘फक्त महिलांसाठी’ सहली आपल्याकडे नव्या नाहीत. मोठ्या मराठी कंपन्यांनी त्या केव्हाच सुरू केल्या आणि हजारो बायकांना पासपोर्ट काढायला लावला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्या सहलींचा एक ठरलेला सूर असतो. बसमध्ये अंताक्षरी, संध्याकाळी फेटे बांधून फॅशन शो, कुणाचा वाढदिवस असला तर केक, आणि सारखं कुणीतरी माइकवरून सांगत असतं की आज लाजायचं नाही हं. पुष्कळ जणींना ते मनापासून आवडतं. माझ्या काउंटरवरून ‘बघते’ म्हणून निघून जाणारी बाई मात्र त्यातली नव्हती. तिला कुणी नाचवायला नको होतं.

मग ती कोण? एकटीनं फिरणारी बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाठीवर भली मोठी सॅक घेतलेली पंचविशीतली मुलगी येते. माझ्याकडे येतात त्या निवृत्त शिक्षिका, बँकेत कॅशला असलेल्या, लग्न न केलेल्या, घटस्फोट घेतलेल्या, नवरा वारलेल्या, आणि नवरा धडधाकट असून ‘टीव्हीवर दिसतंय की सगळं’ म्हणणारा असलेल्या. यांतल्या बहुतेकींनी एकटीनं प्रवास केलेला असतो. लेकीच्या बाळंतपणाला दोन विमानं बदलून न्यू जर्सी गाठलेली असते, बॅगेत डिंकाचे लाडू आणि मेतकूट घेऊन. बदलीच्या गावी वर्षानुवर्षं एसटीनं ये-जा केलेली असते. भीतीचा प्रश्नच नाही. फक्त कामाशिवाय अशी ती कधी कुठे गेलेली नसते.

आपल्याकडे बाईच्या प्रवासाला कारण लागतं, ही गोष्ट जुनी आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघं १८. पण निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात लोकांसमोर उभं राहून आपण का जातो आहोत ते त्यांना सांगावं लागलं होतं. (हे श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, नगर जिल्ह्यातलं नव्हे.) शिक्षण हे एक कारण, बाळंतपण दुसरं, आणि सगळ्यांत भक्कम तिसरं म्हणजे देव. वारीत तुळशी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या कितीतरी बायका घरातलं कुणीही बरोबर न घेता आलेल्या असतात आणि त्यांना कुणी ‘एकट्या’ म्हणत नाही. दिंडीत भिशी भरली की आळंदी ते पंढरपूर जेवणाची आणि तंबूची सोय होते, सामान ट्रकमधून पुढे जातं, आणि शेजारी झोपणारी बाई परभणीची की बार्शीची हे पहिल्या मुक्कामाला कळतं. पुढे हवं तर बोलावं, नाहीतर आपलं चालावं. सहल कशी चालवावी हे मी टूर कंपनीत जेवढं शिकले तेवढंच दिंडीकडे बघून शिकले.

म्हणून सुरुवात हंपीपासून केली. पुण्याहून हुबळीपर्यंत रेल्वे, पुढे गदग, कोप्पळवरून होसपेट, तिथून हंपी १३ किलोमीटर. अंतर आवाक्यातलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, वारसास्थळांच्या यादीत १९८६ पासून नाव. पण खरं कारण निराळं होतं. हंपीला विठ्ठलाचं देऊळ आहे, म्हणजे घरी सांगायला बरं. कृष्णदेवरायानं पंढरीचा विठोबा हंपीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ‘विठ्ठलाच्या दर्शनाला चालले आहे’ म्हटलं की सासर-माहेर दोन्हीकडचं तोंड बंद. प्रत्यक्षात त्या देवळाचा गाभारा रिकामा आहे, मूर्ती नाही. दगडी रथाचे फोटो काढून झाल्यावर बायका आत जातात, रिकाम्या जागेला हात जोडतात आणि बाहेर येऊन एकमेकींकडे बघून हसतात. घरी कोणतं कारण सांगून निघालोय ते प्रत्येकीला ठाऊक असतं.

आता खोलीचं. या धंद्यात माझा सगळ्यांत जास्त वेळ कशात जात असेल तर जोड्या लावण्यात. अनोळखी दोघींना एका खोलीत ठेवायचं म्हणजे वय सारखं, गाव जवळचं, एवढं पाहून भागत नाही. मी फॉर्म भरून घेते. पहाटे किती वाजता उठता, पंखा किती नंबरवर लागतो, एसी चालतो का, झोपताना दिवा लागतो की मिट्ट काळोख लागतो, रात्री उशिरा फोनवर बोलता का, पूजेला घंटी वाजवता का. घोरण्याचा प्रश्न मी सरळ विचारायचे, तर सगळ्या ‘नाही’ लिहायच्या. आता विचारते, ‘तुम्ही घोरता असं घरचे म्हणतात का?’ खरी उत्तरं येतात, वर नवऱ्याच्या घोरण्याविषयी दोन ओळी जास्तीच्या. घोरणाऱ्या दोघींना एकत्र ठेवायचं हा साधा उपाय आहे, दोघींचीही तक्रार येत नाही.

हॉटेलवाल्याशी बोलताना ‘ट्विन’ या शब्दावर विसंबायचं नाही हेही इथे सांगते. ट्विन म्हणजे दोन स्वतंत्र पलंग असं आपण समजतो. तिथे गेल्यावर दोन पलंग चिकटवून त्यांवर एकच चादर ताणलेली असते आणि पायाशी एकच मोठी दुलई. नवरा-बायको खपवून घेतील. पण सांगलीच्या मुख्याध्यापिका आणि ठाण्याच्या फार्मासिस्ट, तासाभरापूर्वी ओळख झालेल्या, त्यांनी एका दुलईत कसं झोपायचं? मी बुकिंगच्या वेळी पलंगांमधलं अंतर लिहून घेते, दुलया दोन मागते, आणि पोचल्यावर गाडीतून सामान उतरायच्या आधी वर जाऊन बघून येते. रिसेप्शनवर खोलीचे नंबर मोठ्यानं पुकारायचे नाहीत, चिठ्ठीवर लिहून द्यायचे, हेही हॉटेलवाल्याशी आधीच ठरवून घेते. जोडीदार मिळाली नाही म्हणून कुणाला जादा आकार लावत नाही. विषम संख्या झाली तर ती एक खोली माझ्या खर्चात जाते, आणि तो खर्च पहिल्यापासून सगळ्यांच्या दरात थोडा थोडा वाटून ठेवलेला असतो.

एक गंमत म्हणजे एकट्या बाईला झुकतं माप देणारं एक खातं आहे, आणि ते आपली रेल्वे. ४५ वर्षांपुढच्या बाईला खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तिकिटावर ती एकटी किंवा फार तर दोघी असतील तरच. घोळक्याचं एक तिकीट काढलं की तो कोटा गेला. म्हणून आरक्षण ६० दिवस आधी उघडलं की आमच्या ग्रुपची तिकिटं एकेक, दोन-दोन अशी निघतात. डबे वेगळे होतात, सगळ्यांना मोजताना तारांबळ उडते, पण साठीच्या बाईला वरच्या बर्थवर चढावं लागत नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत रेल्वेनं मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच. उलट एसटीनं १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट केलं आणि तेव्हापासून तुळजापूर-कोल्हापूर-माहूर-वणी करणाऱ्या बायकांचे घोळके स्टँडवर दिसायला लागले. राज्य सरकारच्या ‘आई’ धोरणाची, म्हणजे बायकांच्या पर्यटनासाठी काढलेल्या धोरणाची, चर्चा परिषदांतून जास्त होते, बदल मात्र मला अर्ध्या तिकिटानं झालेला दिसतो.

प्रत्येक मार्गावर मी आधी एकटी जाऊन येते. स्थळं बघायला नाही, ती कुठे पळून जात नाहीत. मी संडास बघायला जाते. गाडी दर दोन तासांनी कुठे थांबणार ते त्यावरून ठरतं, जेवण चांगलं कुठे मिळतं त्यावरून नाही. आत जाऊन कडी लावून बघते. अर्ध्या ठिकाणी कडी असते पण तिचं भोक दारावर दोन बोटं खाली आलेलं असतं. नळाला पाणी आहे का, ते बादलीपर्यंत पोचतं का. दिव्याचं बटण आत आहे की बाहेर. झाकणाची कचरापेटी आहे का. आणि पर्स अडकवायला खिळा. खिळा फार महत्त्वाचा आहे. ओल्या फरशीवर पर्स ठेवता येत नाही, बाहेर अनोळखी माणसाच्या हाती देता येत नाही, दातात धरून किती वेळ बसणार? एका धाब्याच्या मालकाला मी पिशवीतून खिळे आणि हातोडी काढून दिली. आधी तो हसला, मग त्यानं मारले. आता माझी गाडी तिथेच थांबते, आणि त्याच्याकडे इतर गाड्याही थांबायला लागल्यात असं तो सांगतो.

ड्रायव्हर हा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. गाडी कुणीही देतं, १७ सीटरचे दरही साधारण सारखेच. माणूस निवडावा लागतो. निघण्याआधी मी त्याला दोन-चार गोष्टी सांगते. कमिशनच्या दुकानापाशी गाडी आपोआप बिघडायची नाही. गाणी मागितली तरच लावायची. आणि ‘मिस्टर नाही आले?’ हा प्रश्न कुणालाही, कितीही मायेनं, विचारायचा नाही. हुबळीचा एक ड्रायव्हर हे ऐकून म्हणाला, ‘मग बोलू काय?’ म्हटलं, पावसाबद्दल बोला, ज्वारीबद्दल बोला, रस्ता आहे केवढा! तो मोसमाला कुठल्या शेतात काय असतं ते असं सांगत सुटला की आता काही जणी त्याच्या गप्पा ऐकायला पुढची सीट मागून घेतात. सीट रोज बदलते, तो नियम आहे, नाहीतर भांडणं. बायकांच्या ग्रुपमध्ये भांडणं फार होतात असं मला धंदा सुरू करताना प्रत्येक पुरुषानं बजावलं होतं. होतात की. खिडकीवरून होतात, आंघोळीच्या पाळीवरून होतात. कुटुंबांच्या सहलीत बिलावरून आणि दारूवरून होतात ती मी काउंटरवर असताना ऐकलेली आहेत, त्या मानानं ही बरी.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण धंदा काढायच्या विचारात असलेल्या पुष्कळ जणी तेवढंच विचारतात. टूर ऑपरेटरला पाच टक्के जीएसटी लागतो आणि हॉटेलनं लावलेला कर त्यातून वजा होत नाही, तेव्हा दर काढताना तो आपल्याच खिशातून जाणार हे धरून चाला. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची, आणि उलाढाल म्हणजे नफा नव्हे, बायकांनी भरलेली सगळी रक्कम. ती मर्यादा वाटते त्यापेक्षा फार लवकर येते. कर्ज काढणार असाल तर ‘आई’ धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज अटींसह परत मिळण्याची सोय आहे, जरूर चौकशी करा. पण या धंद्याला भांडवल लागतं कमी आणि शिस्त लागते जास्त. हातात जे पैसे खेळतात ते लोकांच्या आगाऊ रकमेचे असतात. कच्छच्या सहलीसाठी बायकांनी भरलेल्या पैशातून हंपीच्या हॉटेलचं बिल एकदा भागवलं, की तो हिशेब पुढे कधीच जुळत नाही. प्रत्येक सहलीचं खातं वेगळं ठेवायचं.

रद्द होण्याची तऱ्हा मात्र फक्त आमच्याच धंद्यात दिसेल. सासूबाई पडल्या. सुनेचे दिवस भरायच्या आत पोटात दुखायला लागलं. मुलाची बदली झाली, सामान हलवायचंय. स्वतःच्या आजारपणासाठी बायका सहल रद्द करत नाहीत. ताप असेल तर गोळी खाऊन येतात आणि मला गाडीत बसल्यावर सांगतात. हॉटेलला निम्मे पैसे आधी गेलेले असतात, त्यामुळे परत देणं जमत नाही. पण भरलेले पैसे पुढच्या सहलीला वापरता येतात, किंवा आपल्या जागी दुसऱ्या बाईला पाठवता येतं. एकीनं सासूलाच पाठवलं. त्या आजी हंपीच्या मतंग टेकडीवर सूर्योदयाला सगळ्यांच्या आधी पोचल्या आणि उतरल्यावर सुनेला फोन करून म्हणाल्या, ‘अगं, तू कशाला यायचं रद्द केलंस, मला काही झालेलं नव्हतं.’

जाहिरातीची पंचाईत अशी की फोटो लागतात, आणि फोटोच टाकता येत नाहीत. पहिल्या संध्याकाळी कुणीतरी हळूच येऊन सांगतंच, ‘माझा नको हं कुठे टाकू.’ कारणं विचारायची नाहीत असं मी ठरवलंय, तरी कानावर येतात. एकीनं घरी बहिणीकडे जाते म्हणून सांगितलेलं असतं. एकीच्या दिराचं मत असतं की भाऊ जाऊन वर्ष नाही झालं आणि ही फिरते. एकीची मुलं मोठी, समंजस, त्यांना काही वाटणार नाही, पण नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘वा वा, मजा आहे’ असं जे येतं ते तिला नको असतं. त्यामुळे माझ्या जाहिरातीत तुंगभद्रेतल्या हरिगोलात, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीत, बसलेल्या बायका पाठमोऱ्या दिसतात. एका पोरीनं विचारलं, ही तुमची स्टाइल आहे का? म्हटलं, हो.

कार्यक्रमात एक दुपार मी पूर्ण मोकळी सोडते. सुरुवातीला यावर लोक वैतागले. पैसे भरलेत तर काहीतरी दाखवा! मुंबईच्या एका बाईंनी तर लेखी तक्रार दिली. पण मी ती दुपार काढत नाही. जेवणानंतर मी एका जागी बसते, फोन चालू ठेवते, आणि सगळ्यांना संध्याकाळी किती वाजता कुठे भेटायचं तेवढं सांगते. कुणी झोपतं. कुणी दोघी-तिघी बाजाराला जातात. आणि तीन-चार जणी, प्रत्येकी वेगवेगळ्या दिशेनं, चालायला लागतात. त्यांच्यासाठीच ती दुपार आहे, आणि खरं सांगायचं तर अख्खी सहल त्यांच्यासाठी आहे. बाकीचे दिवस त्या दुपारचा पहारा म्हणून. सोबत हवी ती एवढ्यासाठी, की काही झालंच तर संध्याकाळी आपल्याला मोजणारं कुणीतरी आहे.

यात धंद्याचा तोटा आहे, तोही सांगून टाकते. इतर कंपन्यांचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं. माझं चांगलं गिऱ्हाईक दोन-तीन सहलींत माझ्या हातून जातं. खोलीत एकत्र ठेवलेल्या दोघी पुढच्या वर्षी आपल्या आपण कच्छला जातात, भुजोडीहून शाली घेऊन येतात आणि मला फोटो पाठवतात, तोंडं समोर असलेले. नाहीतर एखादी सरळ एकटीच जाते. मग फोन येतो: ‘अहो, तुमच्या त्या हुबळीच्या ड्रायव्हरचा नंबर द्या ना. आणि ते खिळेवाल्याचं हॉटेल नेमकं कुठे?’ दोन्ही देते. ड्रायव्हरकडून मात्र अशा प्रत्येक भाड्यामागे माझं कमिशन ठरलेलं आहे, आणि ते मी सोडत नाही.